श्रावण मिस्त्रीचा अंगठा

सक्करदऱ्याच्या रस्त्यावर टिनाच्या छपराखाली एक गॅरेज होतं आणि तिथं श्रावण हेडाऊ मिस्त्री होता. जातीनं कोष्टी. बापाचा जन्म मागावर गेला, पण मिलच्या कापडापुढं हातमागाचं लुगडं कोण विचारतो? पोरगा लढाईच्या काळात लष्करी ट्रकांच्या वर्कशॉपात लागला आणि इंजिनातच रमला. चोपन्न सालापर्यंत त्याचं नाव असं झालं की सावनेरहून बंद पडलेली गाडी लोक बैलजोडी लावून त्याच्याकडे ओढत आणायचे. वाटेत चार मिस्त्री लागायचे, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे.

हे नाव होतं त्याच्या उजव्या अंगठ्याचं. कोणत्या प्लगला ठिणगी कधी द्यायची, हे इंजिनातला डिस्ट्रिब्युटर ठरवतो. तो एकदा काढला की परत बसवताना एक नंबरचा पिस्टन वर आणावा लागतो. आता गंमत अशी, गंमत कसली, डोकेदुखीच, की पिस्टन वर येतो दोनदा. एकदा हवा दाबत येतो, एकदा जळका धूर बाहेर लोटत. इंजिनाच्या चाकावरची खूण दोन्ही वेळा तशीच जुळते. पहिल्या वेळी डिस्ट्रिब्युटर बसवला तर गाडी चालते. दुसऱ्या वेळी बसवला तर ठिणगी उलटी पडते आणि इंजिन नुसते फटाके फोडतं. हे ओळखायचं तर प्लग काढून त्या भोकावर अंगठा ठेवायचा आणि दुसऱ्यानं हँडल फिरवायचं. हवा दाबली गेली की अंगठ्याला खालून ढुशी बसते. बाकीचे मिस्त्री भोकात कागदाचा बोळा कोंबत, तो उडाला की समजत. श्रावण त्यांची टर उडवायचा.

"बोळा लावणाऱ्यानं चिवडा विकावा गा," तो म्हणायचा, "इंजिनाले हात लावू नये."

माणसानं असं बोलू नये. बोललेलं कुठं जात नाही, तिथंच बसून राहतं.

कारण दिवाळीपासून त्या अंगठ्याला काही कळेनासं झालं होतं. आधी वाटलं पेट्रोलनं बधिर झाला असेल. मग मनगटाच्या वर रुपयाएवढा फिका चट्टा उठला. वस्तीतल्या ताराचंदला असाच चट्टा उठला होता. तेव्हा त्याच्या सख्ख्या भावानं त्याचं अंथरूण गोठ्यात नेऊन टाकलं, आणि ते पाहायला जमलेल्यांत श्रावणही होता. आता कोणाला सांगणार? बायकोला, मनकर्णालाही त्यानं सांगितलं नाही. अर्धबाहीचा सदरा सोडून पूर्ण बाहीचा घालायला लागला. डिस्ट्रिब्युटर बसवायची वेळ आली की हाताखालच्या रुपरावला चहा आणायला पिटाळायचा आणि चोरासारखा बोळा कोंबून काम उरकायचा. गुरू होता तो रुपरावचा! लाजेनं त्याला जेवण जात नसे.

असे तीन-चार महिने निभावले. मग एक दिवस सकाळी मार्तंडराव वकील आपली जुनी शेवरलेट घेऊन आले. डिस्ट्रिब्युटर ढिला झाला होता. श्रावणनं तो काढला, दुरुस्त केला. एरवी वकीलसाहेब गाडी टाकून कोर्टात जायचे, पण त्या दिवशी सोबत मेहुणे होते, डॉक्टर मधुसूदन, आणि मेहुण्यांना गंमत दाखवायची होती.

"बघा हो," मार्तंडराव म्हणाले, "आमच्या श्रावणचा अंगठा बघा. यंत्र झक मारतं त्याच्यापुढे."

आता सगळ्यांसमोर बोळा कसा कोंबणार? श्रावणनं भोकावर अंगठा ठेवला. रुपरावनं हँडल फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवायला लावलं. अंगठा मेल्यासारखा पडून. त्यानं देवाचं नाव घेतलं, खूण जुळताना पाहिली आणि अंदाजानं ओरडला, "बस!" डिस्ट्रिब्युटर बसवून टाकला.

गाडी सुरू करायला गेले तर फाटकन आवाज झाला आणि नळीतून धूर आला.

"मिस्त्री," रुपराव दबक्या आवाजात म्हणाला, "उलटा बसला काय गा?"

"माह्या हातून? येडा झाला काय तू? पेट्रोल पोचून नाही राहिलं. मार हँडल!"

तेव्हाही कबूल केलं असतं तर निभावलं असतं. चूक कोणाची होत नाही? पण नाही. त्यानं कार्बोरेटरच्या तोंडावर अंगठा आडवा धरला, पेट्रोल ओढलं जावं म्हणून, आणि मान वळवून वायरींकडं पाहत राहिला. रुपरावनं जोर लावला. उलट्या ठिणगीनं आतून जाळ उसळला आणि ग्रीसनं माखलेला अंगठा पेटला. श्रावण वायरींकडंच पाहत होता.

"श्रावण! अरे हात! हात जळतोय तुझा!"

मार्तंडराव ओरडले तेव्हा त्यानं पाहिलं. मग चिंधी दाबली, मग "आई गं" म्हणाला. फार उशिरा म्हणाला. सगळ्यांना कळलं.

डॉक्टर पुढं आले. अंगठ्याला पट्टी बांधली आणि काही न विचारता बाही वर सारली. चट्टा पाहिला.

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून, साहेब."

"महारोग आहे. घाबरू नकोस, आता गोळ्या निघाल्या आहेत, बरा होतो. पण गेलेली जाणीव परत येईल असं मी सांगू शकत नाही. सोमवारी दवाखान्यात ये, बाकीची बोटं तपासू. ती शाबूत असली तर काम करशील."

मार्तंडराव एरवी त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलायचे. त्या दिवशी ते तीन पावलं लांबून "काळजी घे रे" म्हणाले. वाईट माणूस नव्हता, पण पाय मागं गेले ते गेलेच.

"रुपराव," श्रावण म्हणाला, "उलटाच बसला. काढून घे. भोकात बोळा लाव, उडाला का हळू फिरव, खूण जुळली का मग बसव."

रुपरावनं मान डोलावली. मग चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली आणि मिस्त्रीनं हात लावलेला पाना आधी पुसला, चांगला दोनदा पुसला. दोनच मिनिटांत गाडी सुरू झाली. श्रावण तेवढ्यात रस्त्याला लागला होता.

भर दुपारी नवरा घरी आलेला पाहून मनकर्णा दचकली. ती गोधडी शिवत बसली होती. "काहून आलात इतक्या लवकर? हाताले काय झालं?" त्यानं सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. दार तेवढं लावून घेतलं.

"अंगठ्यालेच झालं असन," ती म्हणाली. "बाकीचे बोटं चांगले असतीन. डोळे मिटा. पाहू नका बरं."

त्यानं हात तिच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. तिनं गोधडीची सुई हातात घेतली.

"लागते काय?"

"नाही."

"आता?"

"नाही वं."

"आता? या बोटाले? जरा नीट मन लावून सांगा नं."

मग तिनं हुंदका दाबल्याचं त्याला ऐकू आलं. श्रावणला ते सोसवेना.

"लागलं वं," तो म्हणाला. "आता लागलं. चांगलंच लागलं."

मनकर्णानं सुई केव्हाच गोधडीत खोचून ठेवली होती.

"हो नं," ती म्हणाली. "माहंच चुकलं. जोरात टोचली मी."