फक्कीच्या रेघा

मैदानावर मारलेल्या चुन्याच्या फक्कीचा कोरडा वास नाकात गेला, की मला अजून संताप येतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, धरणाचं पाणी चढायच्या आधी, मी वैनगंगेकाठच्या एका गावात उत्खनन करत होतो. माझा खरा अभ्यास रोमच्या पडत्या काळाचा, तिथल्या पहिल्या ख्रिस्ती वस्त्यांचा. नोकरीनं मात्र मला त्याच काळातल्या या टेकाडावर आणून टाकलं होतं. टेकाडाला लागून मासे विकणाऱ्या एका बाईचं अंगण होतं. संध्याकाळी मी तिथंवर फक्कीनं चौकोन आखायचो आणि सकाळी त्यांवर शेणाचा सडा पडलेला असायचा. शेवटी एका सकाळी मी तिला गाठलंच. "सरकारी कामात अडथळा आणलात तर पोलीस बोलवीन," मी म्हणालो. तिनं हातातली बादली खाली ठेवली नाही. "धरनवाल्यायनं असाच चुना टाकला अन् माहं घर बुडितात धरलं. आता तुले काय पाहिजे?" "हे धरणाचं नाही, बाई. इथं दीड हजार वर्षांपूर्वी गाव होतं, ते शोधतोय." "अन् त्या लोकायले कोनं उठवलं?" "कोणी नाही. गाव आपोआप ओसाड पडलं असेल." "आपोआप?" असं म्हणून तिनं उरलेलं शेणपाणी माझ्या बुटांवर ओतलं. तिचं अंगण आता पाण्याखाली आहे. पुढं निवृत्त होईपर्यंत मी कितीतरी ओसाड वस्त्यांवर लिहिलं, पण 'आपोआप' हा सोयीचा शब्द मला पुन्हा कधी वापरता आला नाही, आणि त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.