तेलातला भुसा

बल्लारपूरच्या एका लाकूड ठेकेदाराची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार मी घेणार होते. माझी पहिलीच गाडी, म्हणून बाबाही सोबत आले होते. किल्ली माझ्या हातात आली होती आणि मला ती परत द्यायची नव्हती.

“गिअरचा आवाज येते का? लोण्यावानी चालते,” ठेकेदार म्हणाले.

इतके जुने गिअर थोडे तरी घरघरतात, असं मी वाचलं होतं. चारचौघांत बोलणं मी टाळत असे. वाकून गिअरबॉक्सखाली गळलेलं तेल बोटावर घेतलं. त्यात लाकडाचा भुसा होता, झिजलेल्या गिअरचा आवाज दाबण्यासाठी घातलेला. मी बोट बाबांपुढे धरलं.

“पोरीले काय समजते त्यातलं?” ठेकेदार हसले.

बाबांनी तेल चोळून पाहिलं. “भाऊ, लाकडं कापाची आरामशीन घरचीच हाय ना तुमची?”

मी किल्ली बॉनेटवर ठेवली.