दहा आणे ड्रायव्हर, सहा आणे कंडक्टर

जगात कुठंही काही बिघडलं की त्या दोषाची सोळा आणे वाटणी करून ज्याचा वाटा त्याच्या पदरात घालणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या लेकीचा सासरा. साताऱ्याच्या एसटी डेपोत त्यांची हयात गेली. गाडी उशिरा आली की ड्रायव्हर कंडक्टरकडं बोट दाखवायचा, कंडक्टर ड्रायव्हरकडं, आणि निवाडा यांच्या टेबलावर. निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नाही. उलट विमानात बसून नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला, मी लेक-जावयाकडं राहते तिथं आली, आणि आल्याआल्या निराश झाली, कारण या देशाला अध्यक्षच नाही. राजा आहे, पंतप्रधान आहे, पण त्यात त्यांचं मन रमेना. मग त्यांनी अमेरिका दत्तक घेतली. लॉकडाऊनमध्ये घरातसुद्धा मास्क हनुवटीला लटकवून ते सोफ्याच्या कोपऱ्यात तिथल्या बातम्या बघत, आणि एखादा कायदा फसला की लेकीची मीटिंग चालू असो नसो, निकाल जाहीर.

"अध्यक्ष म्हणजे ड्रायव्हर, सभागृह म्हणजे कंडक्टर. विहीणबाई, डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलते का? मग खड्ड्यात गेल्यावर एकट्या ड्रायव्हरला का धरता? दहा आणे त्याचे, सहा आणे बेल देणाऱ्याचे."

मी विचारलं, आणि याच गाडीत बसायचं म्हणून रांग लावणारे प्रवासी? त्यानंतर दोन दिवस माझ्याशी जरा बेतानंच बोलत होते.

घरालाही हाच कायदा. एकदा लेक आणि जावई दोन खोल्यांत कानाला हेडफोन लावून बसलेले आणि इकडं दूध उतू गेलं. दूध ठेवून विसरली म्हणून दहा आणे सुनेचे, वास येऊनही उठला नाही म्हणून सहा आणे मुलाचे. लेकीची आई म्हणून मला ते सहा कमीच वाटले, पण पोटच्या पोराला पाठीशी घातलं नाही, हे मी मानलं.

फक्त एका निवाड्यात ते अडकले. खरं तर ते मार्चमध्येच परतणार होते, पण नातवाचं जावळ बघून जातो म्हणून तिकीट पुढं ढकललं आणि विमानंच बंद पडली. जावळ शेवटी जावयानं दाढीच्या मशीननं उरकलं. साताऱ्यात माझी विहीण एकटी, आणि एक दिवस ती न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. इकडं व्याह्यांनी टीव्ही बंद केला. जावई म्हणाला, बाबा, असं होईल हे कुणाला ठाऊक होतं? "सोळा आणे माझे," एवढंच बोलले आणि खिडकीबाहेर बघत बसले. जेवणसुद्धा नावाला.

चार दिवसांनी विहिणीचा व्हिडिओ कॉल आला, हात गळ्यात. यांनी मान खाली घालून तिलाही तेच सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, तिकीट पुढं ढकलायच्या आधी फोन कुणाला केला होतात? थांबा म्हणून कोण म्हणालं? डबल बेल मी दिली आणि सगळा दोष तुम्ही एकटे घेऊन बसलात होय? माझे सहा टाका इकडं."

व्याह्यांनी मान वर केली. मग हळूच म्हणाले, "आठ घे."

पुढं विमानं सुरू झाली आणि ते गेले. इथं दूध अजून उतू जातं, आणि निकालासाठी जावई हौसेनं साताऱ्याला फोन लावतो. पण आता कुणाचीही चूक असू दे, तिकडून उत्तर एकच येतं, आठ-आठ. मी शेगडी पुसते, सोफ्याच्या त्या कोपऱ्याकडं बघते, आणि खरं सांगू, ते जुने दहा-सहा ऐकायला कान आसुसतात.