बंद कॉकची गळती

शिवणमावशींच्या दुकानात शिरायचं म्हणजे आधी त्यांच्या मोटरसायकलला वळसा घालावा लागे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: एक शिवणयंत्र, कापायचं लांब टेबल, खिळ्यांना अडकवलेले कोट आणि पडदे. दार आणि दुकान यांच्यामधल्या बोळात ती काळी, फुगीर टाकीची जुनी गाडी उभी. मावशींनी ती ऐन तारुण्यात स्वतःच्या कमाईतून घेतली होती, आणि तेव्हापासून तिच्याबद्दल कोणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे. माणसांबद्दल खुशाल बोला, त्यात त्या स्वतःही भर घालत. गाडीबद्दल मात्र ब्र काढायचा नाही.

त्यांचे यजमान, भाऊ, छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस, पण इतका गरीब की चूक दाखवतानाही आधी माफी मागणार. गाडी हे खातं मावशींचं, त्यात भाऊंनी कधी नाक खुपसलं नव्हतं. कुठे जायचं झालं की ते मुकाट मागे बसत आणि वळण आलं की डोळे मिटून घेत.

एके दिवशी सकाळी वकीलबाई आल्या. मावशींनीच शिवलेला नवाकोरा काळा कोट त्यांनी मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत लांब धरला होता.

"मावशी, जरा वास घ्या याचा."

मावशींनी घेतला. "नव्या कापडाला असतोच वास."

"पेट्रोलचा? काल कोर्टात माझ्या शेजारी कोणी बसेना. न्यायाधीशांनी खिडक्या उघडायला लावल्या. समोरचा वकील म्हणतो, आज बाई भडकाऊ युक्तिवाद करणार वाटतं!"

मावशी काही बोलायच्या आत वकीलबाईंनी बोळाकडे बोट दाखवलं. गाडीखालच्या फरशीवर एक गोल, काळपट डाग होता. साक्षीदार असा समोर हजर झाल्यावर मावशींना गप्प बसावं लागलं. त्यांचं गप्प बसणं ही गल्लीत दुर्मीळ गोष्ट होती, त्यामुळे वकीलबाईंनी तो विजय मानला. "धुऊन, वाळवून द्या. घाई नाही," एवढं म्हणून त्या गेल्या.

त्या गेल्याबरोबर मावशींनी पहिलं काम केलं ते इस्त्रीची पिन काढण्याचं. इस्त्री उचलून त्यांनी मागच्या खोलीत नेली, बोळाचं दार सताड उघडलं आणि मगच गाडीजवळ उकिडव्या बसल्या. गाडी मानी असली तरी पेट्रोल हे पेट्रोल, हे त्यांना कळत होतं.

टाकीखाली पेट्रोलचा कॉक होता. तो आडवा फिरवला की पेट्रोल बंद, उभा केला की चालू. मावशी गाडी लावताना तो बंद करायला कधी विसरत नसत. आत्ताही तो बंदच होता. कॉक बंद, तरी खाली डाग. याचा अर्थ सरळ होता: कॉकच आतून गळतो.

"अहो, कॉकचा वॉशर गेलाय," त्यांनी आत हाक दिली.

"असेल असेल," भाऊ वर्तमानपत्राआडून म्हणाले. एरवी 'गेलाय'वरून व्याकरणाचं प्रवचन दिलं असतं त्यांनी. पण त्या वेळी मावशींना त्याचं काही वाटलं नाही.

मावशींनी टाकी रिकामी करून कॉक खोलला, नवा वॉशर घातला, सगळं पुन्हा घट्ट केलं. दोन दिवस फरशी कोरडी राहिली. मावशींनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, विचारलं नसतानाही, फरशी दाखवली. तिसऱ्या दिवशी त्या बटणं आणायला चालत बाजारात गेल्या, आणि परत येऊन बघतात तर फरशीवर पुन्हा डाग! कॉक बंद. वास नाकात जाणारा.

आता त्यांचा अभिमान दुखावला. त्यांनी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री म्हणजे चौकातला गॅरेजवाला, त्यांच्यापेक्षा वयाने लहान आणि त्यांना मनापासून घाबरणारा.

"कॉक बंद असताना गळते," मावशींनी त्याला बजावलं. "बंद असताना. कळलं?"

कळलं नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. त्याने कॉकच नवा बसवला, तो बंद केला, गाडी ठेवून घेतली आणि खाली कोरा कागद अंथरला. कागद कोराच राहिला. "मावशी, गाडी ठणठणीत आहे," असं म्हणून त्याने ती परत दिली. ज्या अर्थी मावशी बंद म्हणाल्या त्या अर्थी कॉक उघडा ठेवून बघण्याचं पाप त्याने केलं नाही.

गाडी घरी आली आणि दुसऱ्याच दुपारी पुन्हा डाग पडला.

"माहेरी गुणी आणि सासरी द्वाड, तसं झालंय हिचं," मावशी करवादल्या.

"सोडून दे ना," भाऊ म्हणाले. "थोडंसंच तर पडतंय. उडून जातं."

"उडून जातं? सगळ्यांना घेऊन उडेल एक दिवस!"

भाऊंनी मान वर्तमानपत्रात घातली.

मग मावशींनी आपल्या धंद्याची युक्ती काढली. कापडावर खुणा करायचा निळा खडू त्यांनी किसणीवर किसला आणि ती पूड मऊ ब्रशने गाडीवर उडवली: टाकीच्या कडेला, कॉकवर, रबरी नळीवर, कार्ब्युरेटरवर. जिथून पेट्रोल झिरपेल तिथला खडू भिजून काळा पडणार. ओला माणूस जसा कोरडेपणाची शपथ घेऊ शकत नाही, तसंच हे.

दुपारी त्या चालतच एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला जाऊन आल्या आणि संध्याकाळी बॅटरी घेऊन गाडीजवळ बसल्या. टाकीची कड कोरडी. नळी कोरडी. कॉकचा सांधा कोरडा. फक्त कार्ब्युरेटरच्या बुडाशी लोंबणाऱ्या बारीक नळीच्या टोकाला खडू भिजून चिखल झाला होता. जास्तीचं पेट्रोल बाहेर टाकणारी ती नळी. पण कॉक बंद असेल तर कार्ब्युरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल येईलच कुठून?

तेवढ्यात उजेड कॉकच्या दांडीवर पडला, आणि मावशींचे डोळे बारीक झाले. दांडीवरचा खडू पुसला गेला होता. नीट अंगठ्याएवढा.

"अहो! कोणीतरी कॉक फिरवतंय!"

भाऊंच्या हातातला कप बशीवर खणकन वाजला.

"चोर," मावशी म्हणाल्या. "दुपारी येऊन पेट्रोल काढून नेतोय मेला."

"हो, चोरच असणार," भाऊ एकदम उत्साहाने म्हणाले. "हल्ली फार वाढलेत. फारच."

"पण तुम्ही घरात असता ना दुपारी?"

"माझा जरा डोळा लागतो," भाऊ म्हणाले आणि कप धुवायला उठले. तो कप अजून अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मावशींनी पिशवी घेतली, "बाजारात जाऊन येते, अस्तर आणायचंय, वेळ लागेल," असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं आणि निघाल्या. कोपऱ्यावर वळल्या, मागच्या गल्लीतून परत आल्या, आणि मागच्या दाराने चपला हातात घेऊन घरात शिरल्या. दुसऱ्या हातात कापडाचं माप घ्यायची लोखंडी पट्टी होती. चोराचं माप घ्यायची त्यांची पूर्ण तयारी होती.

बोळातून आवाज येत होता. "ढुर्र... ढुर्रर्र..."

टांगलेल्या पडद्याआडून मावशींनी हळूच डोकावलं.

गाडीवर भाऊ बसले होते. डोक्यावर मावशींचं हेल्मेट, ते कपाळावरून पुढे कलंडलेलं. पाय जमिनीपासून उचललेले, गाडी स्टँडवर. तोंडाने इंजिनाचा आवाज काढत ते स्वतःशीच पाठांतर करत होते. "कॉक उघडला. झालं. गिअर टाकला. क्लच दाबला. आता हळूहळू सोडायचा... ढुर्र... समोरून म्हैस आली. हॉर्न!" आणि त्यांनी "पीं पीं" केलं. मग काल्पनिक म्हशीला वळसा घालण्यासाठी ते सगळ्या अंगानेच डावीकडे झुकले. वळणावर त्यांचे डोळे चक्क उघडे होते.

मावशींनी पट्टी वर उचलली होती ती तशीच राहिली. हसू आवरण्यासाठी त्यांनी पडद्याचं टोक तोंडात कोंबलं. गिऱ्हाइकाचा पडदा होता, पण नाइलाज होता. थोडा वेळ त्यांनी धीर धरला. पण म्हैस गेल्यावर भाऊंनी पुन्हा क्लचशिवाय गिअर टाकला, तेव्हा मात्र त्यांच्याने राहवेना.

"आधी क्लच, मग गिअर!"

भाऊ इतके दचकले की हेल्मेट नाकावर आलं. आतून घोगरा आवाज आला, "तू अस्तर आणायला गेली होतीस ना?"

"आणि तुमचा डोळा लागला होता ना?"

भाऊंनी हेल्मेट काढलं. कान लाल झाले होते. पँटच्या गुडघ्यावर निळ्या खडूचा पट्टा होता.

"कधीपासून चाललंय हे?"

"तू आजारी होतीस ना, तेव्हापासून," भाऊ म्हणाले. "शाळेचे पडदे पोचवायचे होते. मी मिस्त्रीला बोलावलं. तो पडदे लादून गाडी घेऊन गेला आणि मी दारात नुसता उभा. मला काही ते बरं वाटलं नाही." त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं. "तुला विचारलं असतं तर तू हसली असतीस."

"हसलेच असते," मावशी म्हणाल्या. आजारपणात आपण अंथरुणातून मिस्त्रीला सूचना ओरडत होतो आणि दारातल्या माणसाकडे एकदाही बघितलं नव्हतं, हे त्यांना आत्ता कुठे जाणवलं. पण तसं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. म्हणून त्या म्हणाल्या, "आणि कॉक कशाला उघडता? गाडी चालूच करत नाही तर?"

"पहिली पायरी आहे ती. पायरी गाळून कसं चालेल?" भाऊंमधला मुद्रितशोधक जागा झाला. "पण उतरताना न चुकता बंद करतो हं मी!"

तेवढ्यात खाली टप्‌ असं वाजलं. दोघं एकदमच वाकले. कॉक उघडा होता आणि त्या बारीक नळीतून थेंबामागून थेंब पडत होता. मावशींनी कॉक बंद केला. थेंब मंदावले, थांबले. पुन्हा उघडला. पुन्हा टप्‌.

"म्हणजे कॉक बिचारा निर्दोष," मावशी म्हणाल्या. "रोग आत आहे."

बोळाचं दार उघडं ठेवून, खाली पत्र्याचा डबा धरून त्यांनी कार्ब्युरेटरच्या बुडाची वाटी खोलली. बॅटरी भाऊंनी धरली, बहुतेक वेळ मावशींच्या डोळ्यांवरच. वाटीत पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर उचलला जातो आणि एक छोटी सुई वरच्या भोकात बसवून पेट्रोल अडवतो. मावशींनी ती सुई चिमटीत धरून उजेडात फिरवली. टोकावर चारी बाजूंनी खोल वळ पडला होता. अशी झिजलेली सुई भोक कसलं बंद करणार!

"आयुष्य गेलं सुया बघण्यात," त्या म्हणाल्या, "आणि नेमकी हीच दिसली नाही."

भाऊंना यावर एक चांगला शेरा सुचला होता, पण त्यांनी तो गिळला.

मिस्त्रीकडून नवी सुई आणि वाटीची नवी रबरी कडी आली. मावशींनी भोकाची बैठक मऊ फडक्याने पुसली, सुई बसवली, वाटी आवळली. मग कॉक उघडा ठेवून खाली पांढऱ्या कापडाचा तुकडा अंथरला आणि दोघं समोर बसून राहिले. चहा झाला. दुसरा चहा झाला. कापड पांढरं ते पांढरंच. वकीलबाईंचा कोट तोपर्यंत धुऊन गच्चीवर वाऱ्यात टांगलेला होता आणि त्याचाही राग बराच उतरला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मावशी भाऊंना घेऊन गावाबाहेरच्या रिकाम्या मैदानावर गेल्या. भाऊंनी सगळ्या पायऱ्या क्रमाने केल्या. गाडी दोनदा गचका देऊन बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. निघाली ती अगदी झोकात. मावशी टाळ्या वाजवत राहिल्या. भाऊंनी मैदानाला एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला जवळून जाताना ते ओरडले, "थांबवायची कशी?"

बोळात स्टँडवर चालवताना थांबायचा प्रसंगच आला नव्हता!

"ब्रेक! उजवा पाय!" मावशी मागे धावत ओरडल्या. पण भाऊंना पायाच्या आधी वाळूचा ढीग सापडला. गाडी त्यात अलगद रुतून बंद पडली आणि भाऊ हँडल घट्ट धरून तसेच बसून राहिले. मावशी धापा टाकत पोचल्या. गाडीला ओरखडा आला का हे त्यांनी बघितलंच, पण भाऊंचे गुडघे चाचपून झाल्यावर.

पुढे परवानाही मिळाला. भाऊ पहिल्यांदा एकटे पडदे पोचवायला निघाले त्या दिवशी मावशी यंत्रावर बसल्या होत्या. प्रत्येक गाडीच्या आवाजाला त्यांचा पाय थांबत होता. अखेर ओळखीची धडधड गल्लीत आली, दारासमोर आली आणि दारावरून तशीच पुढे गेली. ब्रेक लावायला भाऊंना अजूनही उशीर होई. थोड्या वेळाने ते गाडी ढकलत परत आले, घामाघूम आणि विलक्षण खूश.

"पोचवले," ते दारातूनच म्हणाले. "बाईंनी पाणी विचारलं. मी म्हटलं, नको, गाडी उभी आहे बाहेर."

"बरं," मावशी मान खाली घालूनच म्हणाल्या. त्यांच्या पुढ्यात कोणाच्या तरी शर्टाची बाही होती, आणि ती त्यांनी सरळ उलटी जोडली होती.