हिरव्या साडीतली बाई

मिरज स्टेशनवर गाडी सुटायच्या बेताला आईने माझ्या हातात साडीच्या दुकानाची एक पिशवी कोंबली. लाडू असतील म्हणून मी ती वर ठेवायला गेले, तर म्हणाली, "वर नको, मांडीवर घे." म्हैसूरला नोकरी लागली होती, त्याला आता पंधराएक वर्षं झाली. पिशवीत फोटो होते, मोलकरणींच्या मोर्च्यांचे आणि धरण्यांचे. आई चार घरची धुणीभांडी करायची आणि उरलेल्या वेळात बायका गोळा करायची. आठवड्याला एक सुट्टी आणि दिवाळीला बोनस, एवढंच त्यांचं मागणं. "हितं ठिवले तर उंदरं खातील, न्हाईतर तुझा भाऊ रद्दीत घालंल," आई म्हणाली. गाडी हलली तरी खिडकीशी चालत सांगत होती, "आन् मागं नावं लिवू नको गं."

गल्लीतल्या मावश्यांनो, आणि माझ्यासारख्या पोटासाठी बाहेर पडलेल्या त्यांच्या लेकींनो, तुम्हाला हे नव्याने सांगायला नको. फोटो मालकिणीच्या हाती लागला की दुसऱ्या दिवशी काम सुटायचं. म्हणून मागे नाव नाही, आणि कॅमेरा समोर आला की पदर नाकापर्यंत. हातात फलक, मूठ वर, आणि तोंडं झाकलेली. लहानपणी मला याचं हसू यायचं. एवढ्या मोठ्याने ओरडायचं आणि वर लपायचं!

म्हैसूरच्या गोकुलम भागात आम्ही भाड्याने राहतो. खालच्या मजल्यावर परदेशी मुली योग शिकायला येतात, सकाळी जिन्यात त्यांच्या चपलांची रांग असते. मी सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. माझा मुलगा आजीशी मराठी बोलायला लागला की तिसऱ्या वाक्याला कन्नडवर घसरतो. पिशवी कपाटात होती, तिची आठवण मला वर्षानुवर्षं झाली नाही, खोटं कशाला बोलू. गेल्या पावसाळ्यात कपाटाला ओल आली. पिशवी उघडली तर चारपाच फोटोंवर पांढरी बुरशी.

लष्कर मोहल्ल्यात जुने फोटो नीट करून देणारे एक काका आहेत. त्यांचे पूर्वज इथे सैन्यात होते. घरात मराठी, पण आकडे आणि भांडण कन्नडमध्ये. एकेक फोटो उलटून बघत ते म्हणाले, "मागं काय लिहिलं नाही की, अक्का. तुमची आई हाय तंवर विचारून घ्या. आमच्या घरी आजोबांचा फोटो हाय, शेजारी दोघं उभे. यारु, कोण ते, आता कुणालाच गोत्तिल्ला, माहीत नाही. नावं आणा, मग स्कॅन माडतो."

त्या दिवसापासून मला धास्तीच लागली. आई अठ्ठ्याहत्तरची. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायचा, एकेक फोटो धरायचा. झाकलेली तोंडं ती कशी ओळखायची देव जाणे. कुणाच्या काठावरून, कुणाच्या उभं राहण्यावरून. "ही हिरव्या साडीतली शांता. फुडं हुती बघ, पोलिसाला भिडली." मी नियम मोडून पेन्सिलीने नावं लिहिली. नावांसकट फोटो बंगळुरूच्या एका संग्रहालयाला दिले, त्यांनी ते वेबसाइटवर टाकले. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

पंधरा दिवसांत शांतामावशीचा फोन. नातीने तिला मोबाइलवर फोटो दाखवला होता. मला वाटलं, कौतुक करायला केला असेल.

"साडी माजी हाय. पन मी न्हवं ती."

मोर्च्याला नेसायला त्यांच्यातल्याच द्वारकाकडे धड साडी नव्हती, म्हणून मावशीने आपली हिरवी तिला दिली होती. आणि मावशी स्वतः कामावर गेली. पोलिसाला भिडली ती द्वारका. मालकिणीने तिला पदराआडूनही ओळखलं. काम सुटलं, मग गावही सुटलं. इचलकरंजीला गेली आणि तिथेच वारली, एवढंच मावशीला ठाऊक. तिचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही. एकुलत्या एका फोटोखाली मी दुसरीचं नाव लिहून जगाला दाखवलं होतं. चुका काढायचा पगार घेणारी मी!

आईला सांगायचं माझ्या जिवावर आलं. आपलं डोकं चालेनासं झालंय असं तिला वाटेल, याची भीती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साडी तर बराबर वळखली की मी." तेही खरंच. पण मग बाकीच्यांचं काय? कोण कुणाची साडी नेसून आली होती? साड्या मागून नेसायची रीतच होती तुमच्यात. ऑफिसमध्ये मीटिंग चालू असते आणि मला एकेक काठ दिसत राहतो, पोपटी, वांगी, जांभळा. तेव्हाच्या बायकांतल्या सहाच आता मिरजेत उरल्यात, त्यातल्या दोघींना नीट दिसत नाही. पुढच्या आठवड्यात रजा टाकून येतेय. सगळ्यांना आईच्या खोलीवर बसवते, कृपा करून कुणी नाही म्हणू नका.

संग्रहालयाला कळवण्याआधी मी मावशीला विचारलं, तुमचं नाव काढून टाकू ना?

"काडू नको. द्वारकाचं मोठं लिव. आन् खाली लिव, साडी शांताची. शांताला बोलवलं हुतं, ती आली न्हाई. भ्याली."

मी तसंच लिहून पाठवलं. घर म्हणजे काय, असं इथे कुणी विचारलं तर मी मिरजेचं नाव सांगते आणि विषय बदलते. खरं सांगायचं तर, मी चुकले की जिथून फोन येतो ते माझं घर. तो फोन यायचा थांबेल आणि मी लिहीन तेच खरं ठरेल, या विचाराने माझा जीव घाबरा होतो.