अनुमोदन कोण देतंय?

काल टीव्हीवर अमेरिकेतला एक फटकळ उमेदवार पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून माघार घेत होता आणि समोरची गर्दी कडाडून टाळ्या वाजवत होती. मला हसू फुटलं, कारण त्या टाळ्या माझ्या ओळखीच्या होत्या.

मागे एकदा आमच्या पक्षाच्या तालुकाध्यक्षाची निवड होती. आमच्यातल्याच एक कार्यकर्त्या शालिनीताईंनी भर सभेत नेत्यांची अशी सालटी काढली, की मी बाकावर चढून शिट्टी मारली. मग एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव सुचवलं.

"अनुमोदन कोण देतंय?" निरीक्षकांनी विचारलं.

शिट्टीवाला मी खाली वाकून चपलेचं बक्कल लावू लागलो. खरं बोलणारं माणूस आपल्याला ऐकायला हवं असतं. निवडायची वेळ आली, की वाटतं, उद्या हे आपलीही सालटी काढेल. अनुमोदक नाही म्हणून ताईंचं नाव बाद झालं.

बाहेर त्या भेटल्या. "काय भाऊ, लागलं का बक्कल?"

"लागलं की!"

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या चपलांना बक्कलच नव्हतं.

काल टीव्ही बंद करताना मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.