दहावी ‘अ’चे सर

“बघू की करून,” म्हणत ते शर्टाच्या बाह्या दुमडायचे. प्रश्न कुणीही विचारो, चटकन उत्तर देण्याचा मोह या माणसाला होत नसे. तुमच्याही शाळेत असा एखादा मास्तर असेल. मला तो निव्वळ आळस वाटायचा.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. चाकूरकडच्या आमच्या शाळेच्या पाटीवर नव्या जिल्ह्याचं नाव आलं, नवे साहेब आले, सत्काराचे हार आले. पाऊस मात्र आला नाही. टँकर एक दिवसाआड शाळेचं पिंप भरून जायचा.

मी दहावी ‘ब’ला भौतिकशास्त्र शिकवायचो, ते ‘अ’ला. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. माझ्या काळात एक काचनळी फुटली नाही. फुटणार कशी? तपासणीला साहेब आले की कपाट उघडायचं, हा आमचा रिवाज. ‘अ’च्या सरांनी किल्ली एकदाच मागितली.

“साहेब येऊ द्या,” मी म्हणालो.

मग त्यांनी गावच वापरायला घेतलं. आडावरच्या कप्पीपाशी वर्ग, गॅरेजात जॅकपाशी वर्ग. एकदा वर्गातल्या पैलवानाला दार बिजागरीजवळ ढकलायला लावलं आणि दुसऱ्या बाजूनं, कडीपाशी, एका बारक्या पोरीला. दारानं पोरीचं ऐकलं.

ती पोरगी माझी.

“बाबा, पैलवान घामाघूम! मी एका बोटानं सरकवलं!” जेवताना ती सांगत होती. माझ्या एकाही व्याख्येवर ती अशी हसली नव्हती.

पिंपातलं पाणी मगानं काढताना सांडायचं, चिखल व्हायचा. त्यांनी रबरी नळी आणली. नळीचं दुसरं टोक खाली धरून पोरं घागरी भरू लागली. आठवड्यात पिंपाभोवतीची जमीन कोरडी झाली. गाव बघायला यायचं.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. “दुष्काळात पाण्याचे खेळ करायलेत ते. वर कळलं तर?”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. थेंब सांडत नाही, एवढंच मी सांगितलं नाही.

“उगं लफडं नको सर. साहेब नवे हायत,” मुख्याध्यापक म्हणाले. महिन्याच्या आत ‘अ’च्या सरांची संस्थेच्या भोकरच्या शाळेत बदली झाली.

निघताना ते मला भेटायला आले. “पोरं आता तुमच्याकडं हायत सर. प्रश्न लई विचारतात. रागावू नका.” तक्रार कुणाची, हे त्यांना ठाऊक होतं का? त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

‘अ’ वर्ग मला मिळाला. पहिल्या दिवशी मी व्याख्या सांगितली, पोरांनी मुकाट लिहून घेतली.

“काही शंका?”

एवढ्या वर्षांत माझ्या या प्रश्नावर कुणी उठलं नव्हतं. तिसऱ्या बाकावरून माझी मुलगी उठली.

“सर,” ती म्हणाली, “आमचे सर कशामुळं गेले?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

“लिहा,” मी म्हणालो. “पुढची व्याख्या.”

माना खाली गेल्या. ती उभीच राहिली.